आतोबा आणि डावखुरी फौज

सिनेमावर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही रत्नागिरीत आलेला एकही सिनेमा न चुकवलेला माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आम्ही भाचरंडं त्यांना आतोबा म्हणत असू. हळूहळू कोर्टातले पट्टेवाले, बाजारातले वाणी, बंदरावरचे हमाल आणि सरतेशेवटी सिनेमाच्या तंबूचा मालकसुद्धा त्यांना आतोबाच म्हणायला लागला. आतोबांना त्याचीही शंका यायची. "हा मला आतोबा का म्हणतो? याची कोण आत्या आहे आमच्या घरात?" असं ते मला बाजूला घेऊन विचारत. मी म्हणे, "अहो, प्रेमानं म्हणतात." त्यावर आतोबा तपकिरीची डबी उघडत आणि म्हणत, "प्रेमानं! हं! बघू या."

आतोबा एका नामांकित वकिलांचे गुमास्ते होते. उभा जन्म साक्षीदारांच्या तोंडाकडे बघण्यात गेल्यामुळे कुणी खरं बोललं की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आंब्याची पेटी घरी आली की तिचा वरचा थर त्यांनी कधी पाहिला नाही, पहिला हात थेट तळाशी. दूध घालायला गवळी आला की ते दुधाकडे न बघता त्याच्या डोळ्यांत बघत, आणि तो बिचारा न घातलेल्या पाण्याबद्दल शरमून खाली बघे. बंदरावर आगबोटीची शिटी झाली आणि कुणी म्हणालं, "आली हो बोट," तर आतोबा म्हणायचे, "शिटी झाली. बोट आली असं नाही म्हणता येणार." एकदा डॉक्टरांनी त्यांना तपासून सांगितलं, तुम्हाला काही झालेलं नाही, तेव्हा आतोबा आठवडाभर जेवले नाहीत धड. म्हणे, डॉक्टर काहीतरी लपवतोय.

आता मूळची गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती सगळ्या गावाला ठाऊक होती, आणि ठाऊक नसल्याचं सोंग फक्त आतोबा करत. आत्याला एकुलता एक मुलगा, वासू. माझ्याहून थोडा मोठा, हसरा, उंच आणि जन्माचा डावखुरा. हे डावखुरेपण आतोबांना मुळीच खपायचं नाही. पानावर डावा हात पुढे आला की पळी बसलीच त्या हातावर. लिहायला बसला की, "अरे कार्ट्या, डाव्या हातानं लिहिलेला अर्ज कोर्टात कोण वाचील?" वास्तविक अर्ज कोणत्या हातानं लिहिला हे कागदाकडे बघून कुणालाही कळत नाही, पण आतोबांना कळलं असतं. वासूचं मन काही अर्जात रमलं नाही. तो शिमग्याच्या खेळ्यांत संकासुर होऊन नाचायचा, पंचक्रोशीतलं एक नाटक सोडायचा नाही, आणि एक दिवस त्यानं सांगितलं, मी सिनेमाच्या कंपनीत जातो. आतोबा म्हणाले, "उंबरा ओलांडलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." वासू बापाचाच मुलगा. गेला, आणि त्यानं तोंड दाखवलं नाही. लांज्याचा एक व्यापारी सांगायचा, मी त्याला कोल्हापुरात ढाल घेऊन उभा असलेला पाहिला. दुसरा कोणी म्हणायचा, मुंबईत. एवढंच कळलं होतं की कुठल्या तरी कंपनीत लढायांना आणि दरबारांना जी माणसं लागतात, त्यांत तो आहे.

तेव्हाचा सिनेमा मुका. दिवाळी होऊन आगबोटी सुरू झाल्या की तंबूवाला मालक आपलं मशीन, एंजिन, पेटीवाला आणि तबलजी घेऊन बंदरावर उतरायचा. त्याच्या तंबूची एक रीत होती. पडदा तंबूच्या मधोमध. पडद्याच्या या अंगाला पुरुष, त्या अंगाला बायका, आणि दोहोंच्या मध्ये कनात. पडदा पातळ होता. खेळाआधी गडी त्याच्यावर पाणी मारून तो ओला करायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. मशीन पुरुषांच्या बाजूला असल्यामुळे आम्हाला सगळं सुलट दिसे आणि बायकांना उलट. मधूनमधून ज्या अक्षरांच्या पाट्या येत, त्या बायकांना आरशात बघितल्यासारख्या दिसत. पण गोष्ट कळायला बायकांना पाट्या कधी लागल्या आहेत? त्यामुळे त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

वासू गेला त्या साली तंबू लागला आणि पहिल्याच दिवशी, सिनेमाला उनाडांचा धंदा म्हणणारे आमचे आतोबा पगडी घालून तिकिटाच्या खिडकीशी उभे. मी तेव्हा म्युनिसिपालिटीत नुकताच चिकटलो होतो. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं होतं. "या डायरेक्टर लोकांची लबाडी चव्हाट्यावर आणायची आहे," त्यांनी जाहीर केलं. आत्या म्हणाली, "आणा हो, आणा," आणि नवं लुगडं नेसून ती बायकांच्या बाजूला गेली. दोघंही कशासाठी जातात हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याचं नाव काढत नव्हती.

गुमास्त्यांसारख्या माणसानं खुर्चीवर बसायचं. पण आतोबा थेट पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर, खलाशांच्या आणि गाडीवानांच्या घोळक्यात जमिनीवर मांडी ठोकून बसायचे, आणि मीही नाइलाजानं बसायचो. "लबाडी जवळून पकडावी लागते," असं त्यांचं म्हणणं. मान वर करून करून ती आखडायची, मग दुसऱ्या दिवशी कोर्टात ते न्यायाधीशांकडे न बघता छताकडे बघत चालायचे.

आणि त्यांची मतं! या देशात सिनेमावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं असेल, पण आतोबांसारखं डायरेक्टरला उभं आडवं कुणी तपासलं नसेल. डायरेक्टरांची खरी नावं त्यांना नको असत. "नावं काय, कुणीही काहीही लावील," म्हणून त्यांनी प्रत्येकाला आपल्याकडून नाव दिलेलं होतं. एक होता धूरवाला. त्याच्या लढायांत तोफांचा धूर इतका, की शेवटी कोण जिंकलं ते पाटी वाचून कळायचं. लोकांना ती लढाई फार आवडायची. आतोबा मात्र चवताळायचे. "एवढा धूर कशाला? कुणाला लपवतोय हा? ज्याला लपवायचं नाही तो धूर करतो का रे कधी?" दुसरा चंद्रवाला. हा नायिका आणि चंद्र यांच्यापलीकडे जायचाच नाही. नायिका रडू लागली आणि सगळा तंबू नाक ओढू लागला, की आतोबा खुशाल तपकीर ओढत मोठ्यानं म्हणायचे, "चंद्र आमच्या अंगणातनं दिसतो हो. दरबार दाखवा, दरबार!" राजाचं नुसतं तोंड पडद्याएवढं मोठं दिसायला लागलं की ते मान तिरकी करून राजाच्या कानामागे बघायचा प्रयत्न करत. मागचे चवरीवाले त्यांना बघायचे असत. मी एकदा म्हटलं, "आतोबा, मान तिरकी करून मागचं कसं दिसेल?" तर म्हणाले, "तू गप्प बस. त्याला तेच हवंय, आपण सरळ बघावं हेच त्याला हवंय."

पण ज्याच्याविरुद्ध त्यांनी खरा दावा मांडला होता तो पाठमोऱ्या. या डायरेक्टरला फौजा पाठीमागून दाखवायची हौस होती. शेकड्यांनी शिपाई डोंगराकडे चाललेत, भाले तळपताहेत, पागोटी हलताहेत, आणि एकाचंही तोंड दिसत नाही. ते दृश्य आलं की तंबूत वाहवा व्हायची. मला स्वतःला ते फार सुंदर वाटायचं, आजही वाटतं. आतोबांच्या हाताच्या मुठी वळायच्या. "वळा! वळा की रे मेल्यांनो, एकदा तरी मागे वळून बघा!" असं ते त्या फौजेला ओरडून सांगायचे. फौज वळायची नाही. घरी परतताना दाराशी आले की ते म्हणायचे, "हा पाठमोऱ्या उलटतपासणीत टिकायचा नाही. लिहून ठेव."

शिपायांच्या तोंडांकडे एवढं टक लावून बघितल्यामुळे एक मात्र झालं. जे जगात कुणाला दिसलं नाही ते त्यांना दिसलं. धूरवाल्याच्या एका सिनेमात कोण्या सरदाराची फौज खिंडीतून बाहेर पडते, पडतच राहते, संपत नाही. लोक आ वासून बघताहेत. आतोबा उठून उभे. "थांबा! तो लंगडा भालाईत पुन्हा आला! मघाशी गेला होता तो! ही फौज कसली, खडकाला प्रदक्षिणा घालताहेत मेले!" दुसऱ्या खेळाला सगळं गाव त्या लंगड्याला बघायला आलं. तो दिसला की टाळ्या पडायच्या, आणि सरदाराकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मालकाचा चांगला धंदा झाला, पण आतोबांना वाटलं मालकानंच त्या लंगड्याला मुद्दाम सांगून ठेवलं असणार.

दाढ्यांवर त्यांचा राग होता तो वेगळाच. चिकटवलेल्या दाढीमागे कोण आहे हे कसं कळावं? दाढ्या चिकटवण्याला सरकारनं बंदी करावी असा अर्ज त्यांनी मनातल्या मनात कितीदा लिहिला असेल, कोण जाणे. आणि वानरसेनेचा सिनेमा आला तेव्हा तर बघायलाच नको. सगळ्यांना मुखवटे. आतोबा पहिल्या उडीलाच उठले. "हा डायरेक्टर फरारी आरोपींना आसरा देणारा आहे," म्हणून तडक घरी. आत्या मात्र शेवटपर्यंत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "दुसऱ्या ओळीतलं ते वानर मला आपल्यातलंच वाटलं हो. उडी मारायच्या आधी कसं हसल्यासारखं केलंन." दुसऱ्या दिवशी आम्ही वानरसेना पहिल्यापासून बघितली.

एकाच डायरेक्टरबद्दल त्यांचं मत बरं होतं. त्याला ते सरळमार्गी म्हणत. त्याचा सिनेमा इतका कंटाळवाणा, की तबलजीसुद्धा ठेका धरता धरता पेंगायचा. दरबार भरायचा, आणि हा बाबा एकेका दरबाऱ्यासमोर मशीन नेऊन ठेवायचा, मग शिपाई, मग भालदार, मग चोपदार, सगळे ओळीनं. आमच्या शेजारी राजिवड्याचा इसाक तांडेल बसायचा, जन्मभर दर्यावर गलबत हाकलेला माणूस. तो जांभई देत म्हणाला, "अवो गुमास्ते, हा शिनेमा हाय का हजेरी हाय?" आतोबा म्हणाले, "हजेरीच पाहिजे, तांडेल. प्रत्येकाचं तोंड दाखवतो, याला म्हणतात प्रामाणिकपणा." तो सिनेमा तंबूत होता तोवर आतोबा रोज गेले. वासू त्यात नव्हता.

असं चाललं असताना एके दिवशी, पाठमोऱ्याचाच एक सिनेमा बघून आम्ही घरी परतत होतो. आत्या आमच्या मागून चालत होती. ती अचानक म्हणाली, "आज दिसला."

आतोबा थबकले. "कोण दिसला?"

"दिसला म्हटलं ना. तटावर चढत होता. डाव्या हातात तलवार होती."

झालं! आतोबांनी घरी पोचेपर्यंत तिची साक्ष घेतली. तोंड पाहिलंस का? नाही, वर चढत होता. मग उंची? उंच होता. किती वेळ दिसला? पापणी लवायच्या आत गेला. आणि तलवार डाव्याच हातात होती हे नक्की? नक्की. "अहो, नऊ महिने पोटात वागवला, त्याचा डावा हात मला कळणार नाही?" आतोबांनी साक्ष तिथंच आटोपली. ते पुढे बसतात, नाक पडद्याला टेकायचं बाकी असतं, आणि त्यांना त्या तटावर एकही डावखुरा दिसला नव्हता. मलाही नव्हता.

आणि मग आत्याला वासू वरचेवर दिसायला लागला. कधी घोड्यावर, कधी मशाल घेऊन, कधी नुसता गर्दीत भाकरी खाताना, आणि प्रत्येक वेळी डाव्या हातानं. तिचा चेहरा फुलला होता. एकदा मला म्हणाली, "त्या कंपनीत बरी माणसं आहेत हो. डाव्या हातानं जेवतो, पण कुणी रागं भरत नाही त्याला." आतोबा पलीकडे ओटीवर बसले होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांची तपकीर हातातच राहिली.

त्यांच्या मनात संशय शिरला, आणि तो असा, की हा पाठमोऱ्या आपल्या बाजूला पाठी दाखवतो आणि बायकांच्या बाजूला तोंडं. आता तुम्ही म्हणाल, कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला एवढंही कळू नये? मीही तेच म्हणालो. पडद्यावर जे चित्र इकडून, तेच तिकडून. आतोबा म्हणाले, "ते तू सांगतोस. तिकडे जाऊन कुणी पाहिलंय?" आणि खरोखरच, रत्नागिरीतला एकही पुरुष कधी पडद्याच्या त्या बाजूला गेला नव्हता.

आतोबा गेले. पाठमोऱ्याच्या सिनेमाला, ऐन फौजेच्या वेळी, कनात वर करून सरळ आत. बायकांत एकच गिल्ला झाला. "अगो बाई, हे कोण? मेल्याला लाज नाही!" कुणीतरी हातातला पंखा फेकून मारला. मालक धावत आला. मी त्यांना धरून आणायला म्हणून मागोमाग गेलो, त्यामुळे मलाही शिव्यांचा प्रसाद मिळाला. आतोबा मात्र हललेच नाहीत. पगडी सावरून पडद्याकडे बघत उभे होते. फौज डोंगराकडे चालली होती, आणि त्या बाजूनंसुद्धा पाठमोरीच होती. पण एक गोष्ट वेगळी होती. एकूण एक शिपायाचा भाला डाव्या हातात होता. सेनापतीची तलवार डाव्या हातात. राजगुरूंनी आशीर्वाद दिला तोही डाव्या हातानं. सगळीच्या सगळी फौज डावखुरी.

मी आतोबांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मशीन आमच्या बाजूला, बायकांच्या बाजूला डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं, एवढी साधी गोष्ट. आत्या पुढेच बसली होती. वळून म्हणाली, "बघितलंत? तो कडेचा! दिसला ना?"

मला वाटलं, आता आतोबा सांगणार. लंगड्या भालाइताला ज्यांनी सोडलं नाही, ते हिला सोडतील? आतोबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "गर्दी फार आहे. नीटसं कळलं नाही." आणि मालकाच्या मागून मान खाली घालून बाहेर आले. वाटेत मला म्हणाले, "तिला काही बोलायचं नाही. समजलास?" एवढ्या दरडावून ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

त्यानंतर ते सिनेमाला जात राहिले, डायरेक्टरांना शिव्या देत राहिले, पण आत्यानं "आज दिसला" म्हटलं की फक्त "असं?" म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. अहो, माउलीला किती दिवस असं फसवायचं? एकदा मी तसं बोललोही. ते म्हणाले, "मी तर काही दाखवत नाही ना? दाखवतो तो डायरेक्टर. मी नुसता मध्ये पडत नाही." हा बचाव त्यांना स्वतःलाच पटला नव्हता. त्यांच्या आवाजावरून ते कळत होतं.

मग कोल्हापूरच्या एका नव्या डायरेक्टरचा सिनेमा आला. त्याला अजून आतोबांनी नावही दिलं नव्हतं. वेढा पडलेल्या किल्ल्याची गोष्ट होती. निम्मा सिनेमा झाला, आणि एक जासूद दौडत आला, घोड्यावरून कोसळला, दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याला बसतं केलं, आणि कुणीतरी तांब्या आणला. जासुदानं पाण्यासाठी ओंजळ पुढे केली नाही, एकच हात पुढे केला. डावा. पाणी प्यायला, आणि त्यानं मान वर करून सरळ आमच्याकडे बघितलं.

वासू होता तो. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, पण वासू. मी ओरडणार एवढ्यात आतोबांनी माझं मनगट धरलं. पाटी आली, चित्र गेलं. आणि आतोबा बसल्या जागेवरून पडद्यापलीकडे हाक मारून म्हणाले, "अगो, बघितलंस का?"

पलीकडून आत्याचा आवाज आला. सगळ्या तंबूनं ऐकला. "कोण? तो पाणी प्यायला तो? छे हो! कुणी बिचारा रोडका पोरगा आहे. तो कुठला वासू? तो तर उजव्या हातानं प्यायला."

पेटीवाल्याचे हात थांबले. आतोबा उठून उभे राहिले. त्यांची, पगडीची, सगळी सावली पडद्यावर पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आतोबा, खाली बसा!" आतोबा वळले आणि म्हणाले, "खेळ थांबवा. मालक, मघाचं चित्र पुन्हा लावा." एरवी मालकानं ऐकलं नसतं. पण मघाशी सांगितलं ना, गावाला सगळं ठाऊक होतं. मशीन थांबलं. मालक स्वतः हातानं रीळ मागे फिरवायला लागला. आतोबा कनातीपलीकडे गेले आणि आत्याचा हात धरून तिला घेऊन आले. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा तो काळ नव्हता, पण त्या पुरुषांच्या गर्दीत एक माणूस हसला नाही. इसाक तांडेलनं खांद्यावरचा रुमाल जमिनीवर पसरला. "बसा, भाभी," म्हणाला आणि स्वतः मागे सरकला.

दिवे गेले. जासूद पुन्हा दौडत आला, पुन्हा कोसळला. तांब्या आला. डावा हात पुढे झाला. वासूनं वर बघितलं.

आत्या पडद्याकडे सरकली. मग म्हणाली, "वासूच आहे हो." आणि पदर तोंडाला लावून, "किती वाळलाय! काय खातो तिथे? कोण घालतं त्याला जेवायला?" आतोबा म्हणाले, "पाणी तरी प्याला ना, प्याला ना पाणी," आणि घळाघळा रडायला लागले. मीही रडलो, त्यात सांगायला लाज कसली. मालकानं उरलेला सिनेमा लावला. पण किल्ला पडला की राहिला, हे त्या दिवशी रत्नागिरीत कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. आत्या शेवटपर्यंत आमच्या बाजूलाच बसून होती, आणि डोळे पुसत पुसत सगळं नीट बघत होती. शिपाई उजव्या हातानं लढत होते. राजानं उजव्या हातानं विडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही कोल्हापूरच्या मोटारीनं निघाली. मी पोचवायला गेलो. आतोबांना विचारलं, "त्याला तर तोंड दाखवू नकोस म्हणाला होतात, मग आता?" म्हणाले, "त्यानं दाखवलं ना तोंड? काल सगळ्या गावादेखत दाखवलं. अट मोडली. आता आपण जायला काही हरकत नाही." वकिलांच्या गुमास्त्याला कायद्यातून वाट काढता येतेच. आत्याच्या मांडीवर भलंमोठं गाठोडं होतं. त्यात फणसपोळ्या होत्या, मेतकूट होतं, आणि कुळथाच्या पिठाचा डबा तर तिनं मोटार हलेपर्यंत दोनदा उघडून बघितला. पुढे त्यांना वासू भेटला, त्या शिमग्याला तो घरी आला, आणि आतोबांनी त्याच्या पानासमोर बसून, कुठल्याही हातानं का होईना, त्याला पोटभर जेवू घातलं. पण ते सगळं नंतरचं. आता आतोबाही नाहीत आणि आत्याही नाही. ती दोघं आठवली की मला आठवतात ती मोटारीतली.

मोटार सुटायची होती. ड्रायव्हर पुढे हँडल मारत होता. आत्यानं गाठोड्यावरून हात फिरवला आणि आतोबांकडे न बघता विचारलं, "अहो, मग इतके दिवस मी बघत होते, तो कोण?"

आतोबांनी पगडी काढली, पुन्हा घातली. शंका घेतल्याशिवाय ज्यांनी कधी देवाचा प्रसादही तोंडात टाकला नव्हता, ते आतोबा म्हणाले, "तोच. दुसरा कोण असणार? उगीच शंका घेऊ नकोस."

आत्यानं मान हलवली. तिला पटलं की नाही ते मला कळलं नाही. तिनं गाठोडं थोडं सरकवून त्यांना बसायला जागा करून दिली, आणि मोटार निघाली.